पाचर

मिस्त्रींनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"मोबाईलवाली आली, तोंडं धुवा रे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि वर्कशॉपमध्ये खसखस पिकली. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फर्निचर डिझाइन करणाऱ्या या कंपनीत ती तीन वर्षं हेच काम करत होती. प्रत्येक नव्या वस्तूचे दोन व्हिडिओ करायचे. अर्ध्या मिनिटाचा जगाला दाखवायला, त्यात संगीत आणि हसरे चेहरे. दुसरा तासाभराचा, फक्त कंपनीतल्या माणसांसाठी. त्यात काम पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं. 'आपले हात, आपला अभिमान' हे मोहिमेचं नाव तिनेच शोधलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं.

आज वळणदार पाठीच्या खुर्चीची पाळी होती. ती पाठ अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकट्या मिस्त्रींना जमायची. पाचच्या ठोक्याला व्हिडिओ टेबलावर हवा, नाहीतर उद्यापासून तुझ्या जागी दुसरं माणूस बघतो, असं डायरेक्टरांनी बजावलं होतं. तिने मिस्त्रींना काका म्हणून पाहिलं. जगभर नाव होईल, असं आमिष दाखवून पाहिलं. मिस्त्री ढिम्म. शेवटी तिचाही पारा चढला. एवढा कसला ताठा म्हणते मी, असं ती बोलून गेली.

मिस्त्री सावकाश वळले.

"बाई, गेल्या वर्षी पॉलिशवाल्या दादांचा व्हिडिओ केलात. किती जणांनी पाहिला?"

"दोन लाख."

"बरं. आणि पॉलिशचं टेबल कुठंय आता?"

तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे रिकाम्या खोक्यांची थप्पी होती. दादा आपणहून सोडून गेले, असं तिला वरून सांगण्यात आलं होतं. वेताच्या विणकामाच्या मावशी गेल्या, तेव्हाही हेच सांगितलं होतं.

"छोटा व्हिडिओ जगाने पाहिला," मिस्त्री म्हणाले. "मोठा बाहेरच्या कारखान्याने. दादा तिथे काम मागायला गेले होते. समोर पडदा लावलेला, आणि पडद्यावर त्यांचेच हात चाललेले. पोरं बघून बघून शिकत होती. दादांना म्हणाले, आता तुमची गरज नाही."

आता कुणी हसलं नाही. ती हातातल्या मोबाईलकडे बघत राहिली. दादांच्या हातांवर उजेड नीट पडावा म्हणून तिने त्या दिवशी दोन तास खटपट केली होती.

"लावा तुमचा कॅमेरा," मिस्त्री अचानक म्हणाले. "तुम्हालाही पोट आहे."

मग त्यांनी वर्गात शिकवावं तसं सगळं दाखवलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या घेतल्या. प्रत्येकीला सरस लावला. पट्ट्या एकावर एक ठेवून वाकड्या साच्यात बसवल्या आणि क्लॅम्प आवळायला सुरुवात केली. कधी नव्हे ते कॅमेऱ्यात बघून, न चिडता ते बोलत होते.

तिला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गेल्या महिन्यात नमुन्याची खुर्ची होत असताना ती इथेच उभी होती. तेव्हा आवळण्याआधी मिस्त्रींनी साच्याच्या दोन्ही टोकांखाली एकेक पाचर सारली होती. हे कशाला, असं तिने विचारलं होतं. मिस्त्री गुरगुरले होते, पण उत्तर दिलं होतं. साच्यातून सुटलं की लाकूड हळूहळू उलगडतं. म्हणून हवं त्याहून थोडं जास्तच वाकवायचं. पाचर नसेल तर पाठ आज झकास दिसते आणि महिन्याभरात सपाट होते.

आज दोन्ही पाचरी टेबलावर, मिस्त्रींच्या कोपरापाशी पडून होत्या.

मिस्त्रींनी शेवटचा क्लॅम्प आवळला आणि तिच्याकडे पाहिलं. सगळं वर्कशॉप तिच्याकडे बघत होतं. करवतीसुद्धा थांबल्या होत्या. तिने फक्त कॅमेरा थोडा पुढे नेला, इतका की चौकटीत नुसता साचा उरला आणि टेबलाची ती कड बाहेर गेली.

पाच वाजता डायरेक्टरांनी व्हिडिओ पळवत पळवत पाहिला. बाहेरच्या कारखान्याला आजच पाठवायचाय, म्हणाले. पाचशे खुर्च्यांचं काम तिकडे दिलंय. मिस्त्रींचं पहिल्या तारखेनंतर बघू.

"यातलं काही सुटलेलं नाही ना? नीट आठवून सांग. त्या लोकांना नुसतं हे बघून बनवायचंय."

तिने नीट आठवलं.

"सगळं आलंय, सर," ती म्हणाली. "पायरीन् पायरी."