हसरी दरवाढ

“ही कार्डं फाडून टाका,” मुख्य संपादक म्हणाले. “तेवीसच्या तेवीस.”

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणत. ते बोलले की विषय संपला. आठ महिन्यांत तिने त्यांना एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं तिथे काढलेला शिपाई म्हणाला होता, “बाई, तुम्ही आठ महिन्यांचं काय सांगता!”

ती नवी सहसंपादक. ‘ह’ तिच्या वाट्याला आला होता. ‘हसरा’ हे विशेषण जुन्या वर्तमानपत्रांत नि मासिकांत कसं वापरत, हे शोधायला तिने चार महिने धुळीत काढले होते. शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण सगळीकडे एकच तऱ्हा. हसरा म्हणजे चेहरा. दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीतलं हसरं बाळ, बक्षीस घेणारी हसरी विद्यार्थिनी, फार तर एखाद्या लेखातली हसरी सकाळ.

मग चाळीस वर्षांपूर्वीचं एक साप्ताहिक हाती लागलं. त्यात ‘हसऱ्या जलवाहिनीची दुरुस्ती’ होती. ‘हसऱ्या अंदाजपत्रकावर खडाजंगी’ होती. एका अंकात तर ‘हसऱ्या दरवाढीमुळे नागरिक संतप्त’ झाले होते. दर अंकात एकदा, नेमकं एकदाच. असे तेवीस अंक. प्रत्येक वापराचं तिने एक कार्ड केलं.

“छपाईची चूक आहे ती,” कार्डांकडे न बघताच ते म्हणाले.

“तेवीस वेळा, सर? मी ‘निर्जीव गोष्टींविषयी, गमतीने’ असा दुसरा अर्थ द्यायचा म्हणतेय.”

“मग मुद्दाम केल्याचा पुरावा आणा. सोमवारी पानं छापायला जातायत.”

ती इरेला पेटली. ते साप्ताहिक छापणारा छापखाना कधीच बंद पडला होता. मालकांची मुलगी मात्र सापडली. तिथे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचं नाव तिला आठवेना, पण घर माहीत होतं. तिसरा मजला, दाराशी कुंड्याच कुंड्या.

शनिवारी सकाळी तिने तिथली बेल वाजवली. एका गुटगुटीत बाईंनी दार उघडलं.

“छापखान्यात खिळे जुळवणारे काका इथेच राहतात का?”

“काका नाही गं, काकू. मीच ती. ये आत.”

काकूंनी एकेक कार्ड वाचलं. दरवाढीपाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“चूक कसली, पोरी! वात्रटपणा होता माझा. आमच्याकडे मुद्रितं तपासायला एक जण होता. तोंड सदा एरंडेल प्यायल्यासारखं. एक अनुस्वार निसटला तरी कान धरून परत आणायचा. म्हटलं, बघू या हा हसतो का. घातला एक शब्द जास्तीचा.”

“आणि त्यांनी खोडला?”

“तिथेच तर गंमत आहे. खोडलाच नाही! पुढच्या आठवड्याला पुन्हा घातला, पुन्हा तसाच छापून आला. वाचक पत्रं पाठवायचे, मालक आकाशपाताळ एक करायचे. हा खाली मान घालून बोलणी खायचा, पण माझं नाव घेतलं नाही की माझा शब्द कापला नाही.”

“मग?”

“चोविसाव्या आठवड्याला तपासलेलं पान परत आलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे विशेषण नेमकं कोणासाठी?’” काकूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मी खाली लिहिलं, ‘वाचणाऱ्यासाठी.’”

तिने पिशवीतून कोरा कागद काढला. “काकू, हे सगळं लेखी द्याल? आमचे संपादक म्हणजे नुसता दगड आहेत. कागदावर सही दिसल्याशिवाय ऐकायचे नाहीत.”

“दगड?” काकूंना पुन्हा हसू फुटलं. “लिही बाई, लिही. असंच्या असं लिही.”

तिने भराभर लिहून काढलं. काकूंनी वाचलं, मान डोलावली आणि सहीसाठी पेन हातात घेतलं. तोच कुलपात किल्ली फिरली. कोणीतरी शीळ घालत आत आलं.

दारात, भाजीची पिशवी सावरत, गालभर हसत मुख्य संपादक उभे होते.