जपलेले आकडे

हरीशनं तोंडातलं पाणी अंगणातच थुंकलं. तांब्या देणाऱ्या शालूबाईचा चेहरा उतरला.

"काहून साहेब? आमच्या हातचं चालत न्हाई?"

घोट घेता घेता समोरच्या हातपंपावरचा पुसट क्रमांक त्यानं वाचला होता. तो क्रमांक त्याला पाठ होता.

हिंगोलीत गावोगावचं पाणी तपासणारी एक प्रयोगशाळा होती. हरीश तिथला संगणक सांभाळायचा. व्हायरस शिरून नोंदी पुसल्या जायला लागल्या, तेव्हा त्यानं संगणकाची जुनी प्रणाली काढून लिनक्स बसवलं. फुकटचं, कुणालाही आतून उघडून पाहता येईल असं. १९९५ पासूनचे दहा वर्षांचे आकडे त्यानं सडक्या फ्लॉप्यांतून उपसून काढले. त्यांच्या तीन प्रती केल्या, एक नांदेडला ठेवली. एक अंक जरी हलला तरी संगणक बोंब मारील, अशी तजवीज केली. आकडे मात्र प्रयोगशाळेच्या साहेबांच्या पासवर्डाशिवाय उघडत नसत. ही व्यवस्था बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. म्हणून साहेबांनी त्याला शिरड शहापूरच्या पुढच्या या वाडीवर धाडलं होतं. पंपाचा क्रमांक नव्यानं रंगवायचा आणि फोटो काढून आणायचा.

या पंपाच्या पाण्यातलं फ्लोराइड दर वर्षी चढत गेलेलं त्यानं पाहिलं होतं. वाडीला कळवलंय का, असं विचारलंही होतं. ते आपल्या कामात येत नाही, असं म्हणून साहेबांनी विषय मिटवला. आणि हरीश पुन्हा प्रती काढायला बसला होता.

ओट्यावर शालूबाईची नात बसली होती. दात तपकिरी, पाय गुडघ्यात वाकलेले. हरीशला शिसारी आली. साहेबांची, पाहुण्यांची, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या नीटनेटक्या तीन प्रतींची.

त्यानं रंगाचा डबा उघडला आणि पंपावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पिऊ नका'. शालूबाईला वाचता येत नव्हतं. मग त्यानं सगळं तोंडानं सांगितलं. पोरीचे पाय कशानं वाकले, आणि ऑफिसाला हे कधीपासून ठाऊक आहे.

शालूबाईनं पंपाकडं पाहिलं. तिनं आवाज चढवला नाही.

"दरसाली तुमची मानसं येऊन बाटल्या भरून न्यायची," ती म्हणाली. "आमाला वाटायचं, पानी लई चांगलं हाय म्हणून नेतेत."