बांधाकडच्या ओळी

कॉलेजच्या मॅडमचा फोन संपला तरी हर्षिता मोबाइल हातात धरून बांधावर उभीच राहिली.

बिरसीच्या त्यांच्या मळ्यात मिरची माना टाकून बसली होती. ऐन वाढीत मोटर जळाली आणि मेकॅनिकने आज येतो, उद्या येतो करत सगळ्यांचा जीव खाल्ला. बांधाकडच्या ओळी मात्र बिनपाण्याच्याही ताठ उभ्या होत्या. गाव पाहायला येऊन गेलं. असं का झालं, या कुतूहलापोटी हर्षिताने त्यांची पानं कॉलेजात तपासायला दिली होती.

परसातून चूळ भरून पुष्पाकाकी पदराने तोंड पुसत आली.

"याच झाडाईचं बियाणं धरून ठेवतो, बेटा. साऱ्या गावाले वाटतो. तुया काकानं नागऱ्याच्या महादेवापुढं शपथ घेतली अन् पाळली, त्याचंच फळ होय हे." तिने तिथूनच नागऱ्याच्या दिशेने हात जोडले.

हर्षिताला भरून आलं. आईबाप गेल्यावर याच दोघांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शेतीचं शिक्षण दिलं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी भैयालालकाकांचं तोंड आखडलं, घास जाईना, तेव्हा काकीने त्यांना ओढतच देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली होती. तेव्हापासून घरात तंबाखूचं नाव निघालं तरी ती अंगावर धावून जायची. काका वाचले ते काकीमुळे, हे सगळं गाव मानत होतं. आता फोनवर कळलेलं काकीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ती गोठ्याकडे वळली. काका बैलांना चारा टाकत होते.

"काका, बांधाकडच्या झाडाईले व्हायरस लागला हाय."

"मंग ते मेले काऊन नाही?"

"मोठा लबाड हाय तो. पेशीत घुसला का तिची धोक्याची घंटाच आपल्या ताब्यात घेते. झाड लवकर मेलं तं त्याचंही घर जाते ना. त्याच्या या खटपटीत झाड पाणी धरून ठेवते अन् दुष्काळात तग धरते. पण पुढं पानं चितकबरी होतीन, मिरची बारकी येईन. बियाणं वाटलं तं रोग गावभर जाईन."

"बाप रे! अन् आला कुठून?"



"तंबाखूतून. तंबाखू लागलेल्या हातानं रोप लावलं का तो झाडात जाते. रोपं सारी एकाच वाफ्यातली होती, म्हंजे रोग लावतानाच लागला, अन् लावणी तुमी दोघांनीच केली." ती काकांच्या जवळ सरकली. "काकीले मी नाही सांगत. पण खर्रा पुन्हा सुरू केला असन तं डॉक्टरकडे चला. मले तुमी पाह्यजे, काका."

काका रागावले नाहीत. हातातला चारा खाली ठेवून ते उजेडात आले आणि त्यांनी आ केला.

"पाह्य नीट. आहे काही? तुया काकीमुळं आज भाकर चावून राहिलो मी. तिचे उपकार या जन्मी फिटत नाहीत. महादेवाची आन, त्या दिवसापासून तंबाखूले बोट नाही लावलं."

तोंड खरंच स्वच्छ होतं. हर्षिताच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "मंग मॅडमचंच काही चुकलं असन. बियाणं बिनधास्त धर म्हणून काकीले सांगून येतो, ती खूश होईन."

"थांब." काकांनी तिचा हात धरला. "तिले यातलं काहीच सांगू नको. बियाण्याचं मी पाहून घेतो."

"काऊन, काका?"

काकांनी परसाकडे पाहून आवाज खाली घेतला.

"मी लावलेल्या तं साऱ्या सुकल्या, बेटा. बांधाकडच्या ओळी तिनं एकटीनं लावल्या."