ए पॉझिटिव्हचं जेवण

‘मासे बंद म्हणजे बंद,’ सिद्धेशने ताट बाजूला सारलं. ‘माझा रक्तगट ए पॉझिटिव्ह. ए वाल्यांनी मासे-मटणाला हात लावायचा नाही. भाजी, डाळ, थोडा भात. बस्स.’

रत्नप्रभाने तळलेल्या बांगड्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. ‘मालवणी माणसाच्या रगताक बांगडो चलणा नाय? ह्या कोणी सांगल्यान तुका?’

‘ऑफिसातल्या हर्षदने. पोट बघ त्याचं, सपाट झालंय नुसतं.’

‘आणि तुका कित्याक व्हया सपाट पोट?’

‘लग्न नको करायला? जाड्याला कोण देतंय मुलगी?’

धादांत खोटं. लग्नाचं वारं त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. खरं कारण समोरच बसलं होतं, सुजलेल्या पायांनी आणि पिवळ्या डोळ्यांनी. जुन्या काविळीने आतल्या आत पोखरत रत्नप्रभाचं लिव्हर कामातून गेलं होतं. मुलुंडच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर क्षमा यांनी सिद्धेशला एकट्याला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, नवं लिव्हर मिळालं तरच आई वाचेल. घरच्या माणसाने आपल्या लिव्हरचा भाग दिला तरी चालतं. आधी रक्तगट जुळायला हवा.

तो जुळला! दोघांचाही ए पॉझिटिव्ह. सिद्धेशने तिथेच देवाला हात जोडले. पण पुढची तपासणी झाली आणि सगळी वाट लागली. त्याच्याच लिव्हरवर चरबी चढली होती.

‘असं लिव्हर कापून देता येत नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘वजन उतरवा. तेल, तूप, गोड सोडा, चाला. चरबी उतरली की आईंना समोर बसवून बोलू.’

तोवर आईला सुगावा लागू द्यायचा नाही, असं सिद्धेशने ठरवलं. ती एका शब्दात नाही म्हणाली असती आणि तो विषय पुन्हा घरात काढू दिला नसता. वडील दत्ताराम गेल्यापासून घाटकोपरच्या त्या खोलीत दोघंच होते. आई गेली तर दार उघडायलाही कोणी उरणार नव्हतं. म्हणून त्याने हर्षदचा रक्तगटाचा तक्ता धरला. डॉक्टरांना विचारलं, तर त्या हसल्या. ‘रक्तगट बघून वजन उतरतं याला काही पुरावा नाही हो. पोटात काय जातं, त्यावर सगळं असतं.’ सिद्धेशला वाटलं, असो. शाकाहारी जेवण आहे, वाईट तर होणार नाही ना!

आश्चर्य म्हणजे आठवडाभर कुरकुर करून रत्नप्रभाच कंबर कसून उभी राहिली. तक्ता मोठ्याने वाचून घेतला. दुधी, पडवळ, लाल भोपळा, मूग, मसूर. सुजल्या पायांनी ओट्याला टेकून ती रांधायची आणि मध्येच धाप लागली की खुर्चीवर बसायची. सिद्धेशला ते बघवत नव्हतं.

शेजारची मालन म्हणाली, ‘काकी, मी करून देत जाईन ना डबा.’

‘तुका नाय जमाचा त्येचा ता डायट. तू आपला घर सांभाळ.’

स्वयंपाकाला ती कोणाला हात लावू देईना. आणि काय चव होती! दुधी तर जन्मात इतका छान लागला नव्हता. सिद्धेश ताटावर हात आडवा धरायचा, ती बाजूने आणखी वाढायची. ‘खा रे, सगळा तक्त्यातलाच हा.’ तो खायचा. संध्याकाळचा वडापाव सोडला, रिक्षा सोडली, ऑफिसातून चालत येऊ लागला. वाढदिवसाच्या केकलाही शिवला नाही.

आणि वजनाचा काटा वर चढत राहिला.

मग तो फेरतपासणीला गेला. डॉक्टर क्षमांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. ‘सिद्धेश, चरबी वाढलीय. तुम्ही नक्की काय खात होतात?’

‘भाज्या. फक्त भाज्या, मॅडम. देवाशप्पथ.’

त्यांनी चष्मा काढला. ‘मी तुम्हाला दाता म्हणून घेऊ शकत नाही. आणि आईंकडे आता वाट बघायला वेळ नाही. प्रतीक्षायादीत त्यांचं नाव आहे, नशिबाने कुणाचं मिळालं तरच.’

घरी येईपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता. शिकलेला गाढव! कोणाच्या तरी पोटाकडे बघून आईच्या जिवाशी खेळलो. नीट डाएटवाल्या बाईकडे गेलो असतो, साधं मोजून खाल्लं असतं, तर आई वाचली असती.

रत्नप्रभा कॉटवर पडली होती. तो तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. मग सगळं सांगून टाकलं. लग्न खोटं होतं. तुला माझं लिव्हर द्यायचं होतं. वजन उतरलं नाही. ‘त्या फालतू तक्त्याच्या नादी लागलो, आई. मी मारलं तुला.’

ती दचकली नाही. हात लांब करून तिने त्याचे केस मागे सारले. बोलायला तिला दम घ्यावा लागत होता.

‘त्या तक्त्याक नावा ठेवू नको. तुका गप केबिनीत बोलावल्यानी, तेवा दाराआडसून मी सगळा आयकलंय, तुज्या चरबीचा पण. तुज्या जेवणात रोज तूप नि काजूचा वाटप मीच घालतंय, झिला. माज्यासाठी तुज्या पोटाक सुरी लागाक मी देवचंय नाय.’