नाण्यांचे ठसे

भाचीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही देशोदेशीच्या सर्वांत लहान किमतीच्या नाण्यांची तुलना करत होतो. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की त्याची नक्षी कागदावर उमटते.

एका नाण्यावर मासा होता, दुसऱ्यावर गव्हाची लोंबी, तिसऱ्यावर राणी. तिन्ही कागदांवर उमटलं मात्र एकच. अर्धवट उघडलेलं तोंड, खालचे दात आणि थोडी बाहेर आलेली जीभ.

"कागद हलला असेल," मी म्हणाले.

"तिन्ही वेळा? मावशी, तूच तर धरला होतास."

मी राणीवरचा कागद उचलला. त्याची मागची बाजू कोमट, बुळबुळीत होती आणि तिला न धुतलेल्या तोंडाचा वास येत होता. मग भाचीची बोटं दिसली. त्यांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती आणि नखांजवळची कातडी झिजून गेली होती.

"पुरे झालं. यांना आता हात लावायचा नाही," म्हणत मी नाणं उचलायला बोट टेकवलं. धातू मऊ लागला आणि बोट आत रुतलं.

भाचीने माझं मनगट घट्ट धरलं.

"आता ओढू नकोस, मावशी. मधेच बोट काढलं की ते चावतं."