ओफेलियाची हवा

ओफेलियाने छातीवर मूठ ठेवली. म्हणजे हवा संपत आली, आता वर चल.

पाण्याखाली जेवढा वैताग दाखवता येतो तेवढा क्रिसांतोने दाखवला. आज अनिलाओ किनाऱ्यावरच्या पाण्याखालच्या फोटोस्पर्धेचा शेवटचा दिवस होता. समोर काळ्या रेतीत केसाळ बेडूकमासा ठाण मांडून बसला होता. हा मासा जांभई देतो तेव्हा त्याचं तोंड डोक्यापेक्षा मोठं होतं, आणि तो फोटो मिळाला की पहिलं बक्षीस कुठे जात नाही. माशाने मघापासून दोनदा जबडा हलवला होता. जांभई आता आलीच होती, आणि नेमकी याच वेळी बायकोची हवा संपली!

त्याने स्वतःचं मनगट पाहिलं. एकशे वीस. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोनशे असतात, म्हणजे त्याची अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती. हे मनगटी कॉम्प्युटर दोघांनी नवेच घेतले होते. सिलिंडरच्या तोंडाशी अंगठ्याएवढा ट्रान्समीटर बसवला की उरलेली हवा थेट मनगटावर दिसते. कुठला ट्रान्समीटर कुठल्या मनगटाशी जोडायचा, ते काम क्रिसांतोनेच केलं होतं, माहितीपत्रकाची घडीसुद्धा न मोडता. यंत्र झकास होतं. खोड एकच. ओफेलिया जरा लांब गेली की त्याच्या मनगटावरचा आकडा गायब व्हायचा आणि नुसत्या रेघा उरायच्या. बॅटरी हलकी घातली मेल्यांनी, असं तो म्हणायचा. हल्ली मात्र ती लांब जातच नसे, सदा त्याच्या कोपराशी.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "क्रिस, या आकड्यांत काहीतरी घोळ आहे बघ."

"घोळ तुझ्या छातीत आहे," तो भर होडीत म्हणाला होता. "लोहाराचा भाता नुसता! यंत्र कशाला खोटं बोलेल?"

म्हातारा होडीवाला ताताय उस्तिंगसुद्धा त्यावर खो खो हसला होता. आपल्या नळीवरचा, हवा दाखवणारा जुना काट्याचा मीटर मात्र तिने काढू दिला नाही. क्रिसांतोने आपला कधीच भंगारात टाकला होता. त्यानंतर रोज बुडी मारली की रोज तिचीच मूठ आधी छातीवर यायची, आणि वर आल्यावर त्याची टकळी सुरू. क्रिसांतो माशासारखा पाण्यात राहू शकतो, पण बायकोपायी बिचाऱ्याला अर्ध्यात वर यावं लागतं, हे आता किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं.

ओफेलियाने पुन्हा मूठ दाखवली. मग अंगठा वर केला. मग आपलं मनगट त्याच्या मुखवट्यापुढे धरलं. तीस.

तिसात माणूस आरामात वर पोचतो. त्याने हात झटकला. जा तू. आज तो हलणार नव्हता. तिच्याकडे पाठ करून त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

ती गेली नाही. आणखी जवळ सरकली.

बराच वेळ मासा ढिम्म होता. मग क्रिसांतोचा एक श्वास जड आला, चोंदलेल्या नळीतून ओढावा तसा. पुढचा अर्धाच आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

त्याने मनगटाकडे पाहिलं. एकशे दहा. त्याने मनगट हलवलं, कॅमेऱ्यावर आपटलं. एकशे दहाच. हवा भरपूर आहे असं यंत्र छातीठोकपणे सांगत होतं, आणि त्याच्या छातीत काहीच नव्हतं. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता. समोर माशाने सावकाश, ऐसपैस, अगदी बक्षीस मिळेल अशी जांभई दिली. क्रिसांतोचा हात गळ्यावरून फिरला: हवा संपली!

खूण पुरती व्हायच्या आत ओफेलियाच्या जादा नळीचं पिवळं तोंड त्याच्या ओठांशी होतं. ती ते आधीच हातात धरून बसली होती.

दोघं एकाच सिलिंडरवर हळूहळू वर आली आणि होडीच्या खाली, नांगराच्या दोराला धरून थांबली. पाण्याबाहेर पडण्याआधी इथे काही मिनिटं थांबायचंच असतं, त्यामुळे इकडे तिकडे बघण्याखेरीज त्याला काम नव्हतं. समोर तिचा जुना मीटर लोंबकळत होता. काटा नव्वदवर. त्याने आपलं मनगट पाहिलं. नव्वद. दोघांनी श्वास घेतले. काटा ऐंशीकडे सरकला, आणि त्याच्या मनगटावरचा आकडाही. मग त्याने तिचं मनगट ओढून पाहिलं. तिथे शून्य होतं. समुद्राच्या पाण्यातही त्याचे कान तापले.

होडीत ताताय उस्तिंगने कॉफीचा कप पुढे केला. क्रिसांतोने तो नुसता हातात धरला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"रोज तू तुझ्या मनगटावर माझी हवा बघत होतीस? आणि शिव्या खात होतीस? अगं, मग मला पुन्हा सांगितलं का नाहीस?"

ओफेलियाने केस पिळले.

"माझी हवा संपली म्हटलं की बोंब मारत का होईना, रोज वर येत होतास," ती म्हणाली. "तुझी संपली म्हटलं असतं, तर आला असतास?"