डोळ्यांवरची ओढणी

इथे हिंदी मुलखात नात मराठी बोलेना म्हणून तिला शिवाजी नगरातल्या रविवारच्या मराठी वर्गात घातलं, तर बाईंनी पुस्तक सोडून खेळच मांडला. एकानं डोळ्यांवर ओढणी बांधून चालायचं, जोडीदारानं मराठीतूनच वाट सांगायची. "यानं मुलं एकमेकांना सांभाळायला शिकतात," म्हणे. नातीला जोडीदार उरला नाही, मी मागे बसलेच होते, म्हणून माझेच डोळे बांधले. "आजी, रुको, आगे टेबल है," ती ओरडली. हिंदीला मी घरीसुद्धा ओ देत नाही, तर इथे का देऊ? चालतच राहिले आणि गुडघा टेबलावर सणकून आपटला. तशी पोर कडाडली, "कानात बोळे घातलेत का? कुणाचं म्हणून ऐकायचं नाही, मग लागल्यावर विव्हळत बसायचं." रोज मी तिला हेच सुनावते, शब्दन् शब्द माझा. बाईंनी विचारलं, "इतकं अस्सल मराठी कुणी शिकवलं गं?" ओढणी मी लगेच सोडली नाही.